आधी मुद्दे, मग निबंध?

पदवीच्या पहिल्या वर्षाचा वर्ग, विषय ‘घरी आलेला पाहुणा’. मागच्या बाकावरचा मुलगा कागदाला हात न लावता शेजाऱ्याच्या कानाशी लागलाय: गावाहून आलेले काका, त्यांची पिशवी, पिशवीतून निघालेली जिवंत कोंबडी. शाळेत त्याला हमखास वर्गाबाहेर उभं केलं असतं. इथे बाई बोलू देतात. तिसऱ्यांदा सांगताना एका कोंबडीच्या दोन होतात आणि मग तो लिहायला बसतो. तास संपेपर्यंत मान वर नाही.

या सवलतीमागे १९८४ सालचा एक लेख आहे. जॉर्ज जेन्सन आणि जॉन डिटिबेरियो या अमेरिकी अभ्यासकांनी मायर्स-ब्रिग्ज चाचणीतल्या स्वभावप्रकारांचा लेखनाच्या सवयींशी मेळ घालून पाहिला. बहिर्मुखांना बोलता बोलता सुचतं, अंतर्मुख आधी मनात जुळवाजुळव करतात. कुणी विषय झटपट आवरतं, तर कुणी आदल्या रात्रीपर्यंत संदर्भच गोळा करत बसतं. ‘आधी मुद्दे काढा’ हा मास्तरांचा लाडका उपदेश सगळ्यांना मानवणारा नाहीच. त्याआधी, १९७१ मध्ये, जॅनेट एमिग यांचा बारावीच्या आठ विद्यार्थ्यांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. त्यांनी मुलांना मोठ्याने बोलत लिहायला लावलं होतं. पाठ्यपुस्तकातल्या शिस्तशीर पायऱ्या तिथेही फारशा दिसल्या नाहीत.

बाईंच्या टेबलावर स्वभावांचा तक्ता आहे. सोळा प्रकार. वर्गात मुलं साठ, प्रकार सोळाच!

इथे मात्र शंका येते. खिडकीजवळची मुलगी म्हणते, “मॅडम, मी इंट्रोव्हर्ट आहे, मला वाचायला नका सांगू.” ऑनलाइन चाचणीने चिकटवलेलं लेबल तिला सोयीचं झालंय. मानसशास्त्रज्ञ युंगने १९२१ मध्ये मांडलेल्या विचारांवर मायर्स-ब्रिग्ज चाचणी उभी आहे, पण काही आठवड्यांनी पुन्हा दिली की अनेकांचा प्रकार बदलतो, हा तिच्यावरचा जुना आक्षेप. मुलीच्या वहीत सात मुद्दे नीट आखलेले. निबंधात त्यातले दोनच. तिसऱ्या परिच्छेदात अचानक आजी आली आणि उरलेले पाच बारगळले. सोळांपैकी कुठल्या खान्यात बसवायचं हिला?

कोंबडीवाल्याचेही मुद्दे वहीत आहेत, निबंध संपल्यावर काढलेले.

“मुद्द्यांना दोन गुण असतात ना!” तो सांगतो.

पुढच्या वेळेपासून ते गुण नाहीत, असं बाई जाहीर करतात. पहिला विरोध खिडकीजवळून येतो.