चौसष्ट घरे आणि त्यांमधल्या वाटा

संगणकाच्या तासाला नववीतल्या एका विद्यार्थ्याने आम्हाला विचारले, "सर, आपले वीस संगणक तारांनी जोडले आणि एकच मोठे गणित सगळ्यांना वाटून दिले, तर ते वीसपट लवकर सुटेल ना?" आम्ही घाईत होतो. "हो, सुटेल," म्हणून मोकळे झालो. संध्याकाळी लक्षात आले की उत्तर चुकले. दुसऱ्या दिवशी वर्गात जाऊन ते दुरुस्त केले, पण आमचे पहिले उत्तर काही मुलांबरोबर घरी पोचले असेल, म्हणून येथे सविस्तर लिहीत आहोत.

गणित वाटून घेतले तरी प्रत्येक संगणकाला दुसऱ्याच्या उत्तराची गरज पडते. हवामानाचे गणित घ्या. नकाशाचे तुकडे करून एकेक तुकडा एकेका संगणकाला दिला, तर वडोदऱ्याच्या तुकड्याला भरूचच्या तुकड्याकडून वारा किती, दाब किती, हे प्रत्येक टप्प्यावर कळावे लागते. ते कळेपर्यंत आपला संगणक कितीही वेगवान असला तरी हातावर हात ठेवून बसतो. म्हणून संगणक किती, यापेक्षा ते कसे जोडले आहेत हा प्रश्न पुष्कळदा मोठा ठरतो.

वर्गात आम्ही बुद्धिबळाचा पट मांडला. चौसष्ट घरे म्हणजे चौसष्ट संगणक. प्रत्येकाला प्रत्येकाशी थेट जोडायचे तर २०१६ तारा लागतील, आणि एकेका संगणकाला ६३ तारा येऊन मिळतील. हे परवडणार नाही. सगळ्यांना एकाच गोलात जोडले तर तारा फक्त ६४, पण समोरच्या टोकाला निरोप पोचायला ३२ टप्पे. पटाप्रमाणे प्रत्येक घर शेजारच्या घरांशी जोडले तर ११२ तारा आणि कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत १४ टप्पे. पटाची डावी कड उजवीशी आणि वरची खालचीशी जोडली, तर १२८ तारांत काम होते आणि जास्तीत जास्त ८ टप्पे लागतात.

पण टप्पे मोजून भागत नाही. पट मधोमध कापला तर किती तारा तुटतात, तेही पाहावे लागते. साध्या पटात फक्त आठ. आता समजा, प्रत्येक संगणक दर ठोक्याला एक निरोप पाठवतो आणि तो कोणालाही जाऊ शकतो. डावीकडच्या ३२ संगणकांचे साधारण निम्मे, म्हणजे १६ निरोप उजवीकडे जाणार. तार एका दिशेने एका ठोक्याला एकच निरोप नेते. आठ तारांवर सोळा निरोप कसे मावणार? म्हणजे संगणकांनी निम्म्या वेगानेच बोलायचे. कडा जोडलेल्या पटात मात्र मधोमध १६ तारा तुटतात, तिथे जेमतेम भागते. वडोदरेकरांना हे वेगळे समजावायला नको. विश्वामित्रीच्या दोन्ही तीरांवर रस्ते कितीही रुंद केले तरी नदी ओलांडायची ती पुलांवरूनच, आणि २०२४ च्या ऑगस्टमधल्या पुरात पूल बंद झाले तेव्हा काय झाले ते सर्वांनी पाहिले आहे.

चौसष्ट संगणकांची एक सुंदर जोडणी अमेरिकेतील कॅल्टेक या संस्थेत १९८३ मध्ये झाली. यंत्राचे नाव कॉस्मिक क्यूब. प्रत्येक संगणकाला शून्य आणि एक या अंकांचा सहा स्थानांचा क्रमांक द्यायचा, आणि ज्या दोघांच्या क्रमांकांत एकाच स्थानी फरक असेल त्यांना जोडायचे. निरोपाची वाट शोधणे मग पोरखेळ होते, वेगळे असलेले अंक एकेक करून बदलत जायचे. जास्तीत जास्त सहा टप्पे, आणि मधोमध कापले तर ३२ तारा. आमच्या गणिताच्या मनाला ही रचना फार भावते.

तरीही पुढच्या काळात पुष्कळ मोठी यंत्रे पुन्हा पटाकडे वळली. विल्यम डॅली यांनी १९९० मध्ये दाखवले की मधोमध जाणाऱ्या तारांची एकूण जागा ठरलेली असेल, तर पुष्कळ बारीक वाटांपेक्षा थोड्या रुंद वाटांवर निरोप सहसा लवकर पोचतो. कॅलिफोर्नियात २००५ मध्ये पूर्ण झालेल्या ब्लू जीन एल या महासंगणकात ६५,५३६ नोड, म्हणजे जोडलेले संगणक, होते. क्यूबच्या पद्धतीने प्रत्येकाला १६ शेजारी लागले असते. तिथे ६४ गुणिले ३२ गुणिले ३२ असा कडा जोडलेला तीन मितींचा पट केला आणि सहा शेजाऱ्यांवर भागवले. सर्वांच्या उत्तरांची बेरीज करण्यासाठी निराळे, झाडासारख्या फांद्यांचे जाळे ठेवले.

जाळे बांधण्यापूर्वी त्याची परीक्षाही होते. संगणकावरच त्याची नक्कल करून निरोपांची गर्दी हळूहळू वाढवतात. बराच वेळ उशीर थोडाथोडाच वाढतो, आणि एका मर्यादेजवळ एकाएकी उसळी घेतो. ती मर्यादा कुठे येते, हे बघायचे. निरोप सगळीकडे सारखे विखुरलेले असताना उत्तम वाटणारे जाळे, सगळे एकाच संगणकाकडे धावले की कोलमडते. म्हणून सोपी आणि अवघड, दोन्ही प्रकारची गर्दी लावून पाहतात.

आमचा विद्यार्थी एवढ्यावर थांबला नाही. "आपल्या देशातल्या पहिल्या महासंगणकात काय केले होते?" त्याने विचारले. तो १९९१ चा परम ८०००, पुण्याच्या सी-डॅकचा. तो घडवणाऱ्या चमूचे प्रमुख डॉ. विजय भटकर यांचे पदव्युत्तर शिक्षण आपल्याच गावच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातले. परममध्ये ट्रान्सप्युटर नावाचे प्रोसेसर होते आणि प्रत्येकाला बाहेर जोडायच्या वाटा चारच. चौसष्टांचा क्यूब करायला सहा लागतात, हे मुलाने लगेच हेरले. चार वाटांत कडा जोडलेला पट मात्र बसतो. शिवाय परममध्ये जोडण्या कामाप्रमाणे बदलता येत असत. हे ऐकून त्याने वहीत चार-चार रेघांची चौसष्ट टिंबे काढायला घेतली आहेत. आठापेक्षा कमी टप्प्यांत बसणारी जोडणी त्याला हवी आहे. आम्हीही घरी कागद घेऊन बसलो आहोत.