तीन वाजताचा वारा

विम्बल्डन म्हटलं की हिरवळ, पांढरे कपडे आणि टेनिस. पण तिथे टेनिसची पहिली स्पर्धा झाली 1877 साली. त्याच्या सतरा वर्षं आधी, जुलै 1860 मध्ये, विम्बल्डनच्या माळावर रायफली कडाडल्या होत्या. ब्रिटनच्या नॅशनल रायफल असोसिएशनचा तो पहिला मेळावा. उद्घाटनाची गोळी झाडली खुद्द राणी व्हिक्टोरियाने. व्हिटवर्थ रायफल बैठकीवर घट्ट बसवून नेम आधीच धरून ठेवला होता. राणीने फक्त रेशमी दोरी ओढली, आणि 400 यार्डांवरच्या टार्गेटच्या जवळजवळ मध्यावर गोळी लागली.

वारा बघायचं काम राणीला पडलं नाही. तिच्यानंतर त्या माळावर पालथं पडून नेम धरणाऱ्या प्रत्येकाला मात्र पडलं. 1890 मध्ये हा मेळावा सरे परगण्यातल्या बिझलीला हलला. तिथल्या सर्वांत मानाच्या स्पर्धेची अंतिम फेरी आजही 900 आणि 1000 यार्डांवर होते. 1000 यार्ड म्हणजे 914 मीटर, आणि रायफलवर भिंगाची दुर्बीण नाही. नुसत्या छिद्रातून बघायचं. इतक्या लांब नेम धरणं अवघड असेलच, पण सरावाने ते जमतं. खरी परीक्षा वाऱ्याची.

झुळकीची किंमत

तिथली नेहमीची 7.62 मिलिमीटरची गोळी घ्या. ताशी 16 किलोमीटरचा वारा आडवा वाहत असेल, तर 1000 यार्डांवर पोहोचेपर्यंत ती दोन मीटरहून जास्त सरकते. एवढा वारा म्हणजे काय? पानं सळसळतात, कपाळावरचे केस उडतात, इतकाच. अमेरिकेतल्या याच अंतराच्या टार्गेटवर दहा गुणांचं वर्तुळ 20 इंचांचं, म्हणजे सुमारे अर्ध्या मीटरचं असतं. वाऱ्याचा अंदाज ताशी दोनेक किलोमीटरने चुकला, तर ऐन मध्यावर धरलेली गोळी त्या वर्तुळाबाहेर पडते. आपण चालतो त्याच्या निम्म्याहून कमी वेग आहे हा!

वारा गोळीला ढकलत नाही

हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मला कागद-पेन्सिल घेऊन बसावंच लागलं. गोळी हवेत असते सुमारे दीड सेकंद. वारा तिला वाळक्या पानासारखं वाहून नेत असता, तर ती साडेसहा मीटरच्या वर सरकली असती. प्रत्यक्षात सरकते त्याच्या तिसऱ्या हिश्शाइतकीच. कारण गोळी आपलं नाक समोरून येणाऱ्या हवेकडे किंचित वळवते आणि मग हवेचा अडथळा तिला तिरका मागे ओढतो. म्हणून हिशोब उड्डाणाच्या पूर्ण वेळेचा नसतो. हवाच नसती तर गोळी साधारण एका सेकंदात पोहोचली असती. हवेमुळे जो अर्धा सेकंद उशीर झाला, तेवढ्याच वेळाचा वारा तिला लागतो. उशीर जितका कमी, तितकी गोळी वाऱ्यात सरळ.

याचं मजेदार टोक पॉइंट टू-टू रायफलमध्ये दिसतं. तिथे जास्त वेगाची गोळी वाऱ्यात जास्त वाहते! आवाजाचा वेग ओलांडून निघालेल्या गोळीला हवेचा अडथळा एकदम वाढतो, आणि उशीरही. म्हणून स्पर्धेतल्या गोळ्या मुद्दाम आवाजाच्या वेगाच्या थोड्या खाली ठेवतात. पन्नास मीटरवर दहाचं वर्तुळ असतं फक्त 10.4 मिलिमीटरचं, आपल्या करंगळीच्या नखाएवढं. उघड्या रेंजवर 10 आणि 30 मीटरवर लावलेल्या कापडी पट्ट्यांकडे डोळा ठेवूनच ते गाठायचं. याच प्रकारात, थ्री पोझिशन्समध्ये, राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये 451.4 गुणांसह कांस्यपदक आणलं. त्याच्या चौदा वर्षं आधी, 2010 मध्ये, कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंतने म्युनिकला पन्नास मीटर प्रोनमध्ये, म्हणजे पालथं पडून नेम धरायच्या प्रकारात, जगज्जेतेपद मिळवलं होतं. कोल्हापूर म्हणजे कुस्ती आणि तांबडा-पांढरा, हे खरंच. पण आता या पट्ट्या वाचणाऱ्यांचंही ते गाव आहे.

साडेबारा वाजताचा दगा

नेमबाज वाऱ्याची दिशा घड्याळाच्या भाषेत सांगतात. आपण मध्यभागी, टार्गेट बारावर. उजवीकडून आडवा येतो तो तीन वाजताचा वारा, डावीकडून येतो तो नऊ वाजताचा. समोरचा बाराचा, पाठीमागचा सहाचा. तीनचा वारा पूर्ण मोजायचा. एक वाजताचा, म्हणजे तीस अंशांचा, निम्माच धरायचा. बाराचा बाजूला जवळजवळ सरकवतच नाही.

मग सर्वांत घातकी कोणता? नवखा बोट दाखवतो तीनच्या वाऱ्याकडे. मुरलेला नेमबाज दाखवतो बाराच्या. ताशी 16 किलोमीटरचा तीनचा वारा दहा अंशांनी इकडेतिकडे झाला, तर गोळीत फरक पडतो तीन-चार सेंटीमीटरचा. दुर्लक्ष केलं तरी चालतं. तोच वारा समोरून येत असेल आणि दहा अंश उजवीकडे वळला, तर गोळी जवळपास चाळीस सेंटीमीटर डावीकडे जाते. डावीकडे वळला की तेवढीच उजवीकडे. एकूण पाऊण मीटरहून जास्त! माशाची शेपटी हलावी तसा हा वारा वळवळतो, म्हणून त्याला फिशटेल म्हणतात. चेहऱ्यावर तो तसाच लागत राहतो. काही बदललंय याचा पत्ताही लागत नाही.

निशाणाची भूमिती

रेंजवर अंतराअंतरावर निशाणं फडकत असतात. जुना आडाखा असा: निशाण काठीपासून जितके अंश वर उचललं असेल, त्याला चारने भागा, वाऱ्याचा वेग ताशी मैलांत मिळतो. चाळीस अंश म्हणजे दहा मैल, तोच आपला 16 किलोमीटरचा वारा. आता निशाण पावसात भिजलं की? जड होतं, खाली लोंबतं आणि खोटं बोलायला लागतं. बिझलीत इंग्लंडचाच पाऊस पडतो, तेव्हा हे विसरून चालत नाही.

मृगजळ खरं बोलतं

आपल्याकडे मृगजळ म्हणजे फसवणूक. या खेळात नेमकं उलट. तापलेल्या जमिनीवरची हवा दुर्बिणीतून लहरताना दिसते, आणि त्या लहरी वाऱ्यासोबत वाहतात. सगळी गंमत दुर्बीण कुठे रोखायची यात आहे. फोकस टार्गेटवर न ठेवता थोडा अलीकडे आणायचा, म्हणजे वाटेतली हवा दिसू लागते. मंद वाऱ्यात लहरी रेंगाळत तिरक्या सरकतात, वेग वाढला की ओढ्यासारख्या आडव्या धावतात. ताशी वीसेक किलोमीटरच्या पुढे मात्र त्या इतक्या सपाट होतात की वेगातला फरक ओळखू येत नाही. तिथून पुढे निशाणांचं राज्य.

कधीकधी लहरी सरळ वर उठतात, आधणाच्या पाण्यासारख्या. म्हणजे वारा पडला आहे, नाहीतर तो थेट रेंजच्या रेषेत वाहतो आहे. हीच वेळ दिशा पालटायची. म्हणून जुने नेमबाज बजावतात: उकळी दिसली की बोट चापावरून काढ.

जवळचा की लांबचा?

टार्गेटजवळचा वारा महत्त्वाचा वाटतो, कारण तिथे गोळी मंदावलेली असते. पण सुरुवातीला खाल्लेला धक्का गोळी शेवटपर्यंत सोबत घेऊन जाते, म्हणून आपल्या जवळचा वारा जास्त भारी पडतो. शिवाय वाटेत ती नजरेच्या रेषेपेक्षा सुमारे तीन मीटर वर चढलेली असते. जमिनीलगतच्या गवताला विचारून तिथला वारा कळायचा नाही.

आणखी एक गंमत. नळीत उजवे पीळ असतील, तर उजवीकडून येणारा वारा गोळीला डावीकडे नेतानाच किंचित वर उचलतो, आणि डावीकडचा उजवीकडे नेत खाली दाबतो. कागदावरची भोकं आडव्या रेषेत न पडता तिरकी पडतात, घड्याळातल्या दहापासून चारपर्यंत.

शेजारच्या टार्गेटवर

1874 च्या सप्टेंबरात न्यूयॉर्कजवळच्या क्रीडमूरला आयर्लंड आणि अमेरिका भिडले, 800, 900 आणि 1000 यार्डांवर. आयर्लंडच्या मिल्नरने सुरेख बुल्सआय साधला, पण शेजारच्या टार्गेटवर. गुण शून्य. बुल्सआयला तेव्हा चार गुण होते. अमेरिका जिंकली 934 विरुद्ध 931 ने. बेरीज तुम्हीच करा.



  

दुसऱ्याचे डोळे

लांब पल्ल्याच्या सांघिक सामन्यात नेमबाज वारा बघतच नाही. त्याच्या शेजारी कोच बसलेला असतो, दुर्बिणीला डोळा लावून. मागची गोळी कुठे लागली, निशाणं काय सांगतात, लहरी किती धावतात, सगळा हिशोब त्याचा. वारा किंचित वाढला की तो हात पुढे करतो आणि नेमबाजाच्या रायफलवरची साइटची खुंटी स्वतः फिरवतो. नेमबाजाचा गाल लाकडावरून हलत नाही. किती फिरवली, का फिरवली, तो विचारत नाही. कानाशी येणाऱ्या एका शब्दाची तो वाट बघत असतो, आणि तेवढ्यात लहरी सरळ वर उठू लागतात. कोच पुटपुटतो, ‘थांब.’