मोसमकाठचे विणकर

नामपूरच्या शिवारातून वाहणारी मोसम नदी खाली मालेगावास गिरणेला मिळते, आणि आम्हां बागलाणकरांचा शेतमाल, दवाखान्याची निकड व लग्नाचा बस्ता ही सारी त्याच दिशेने जात आली आहेत. म्हणून ज्या शहराची ओळख वृत्तपत्रांनी ‘संवेदनशील’ या एका विशेषणात कोंडून ठेवली, त्याची वस्ती कशी जमली हे शेजारधर्म म्हणून सांगणे मला अगत्याचे वाटते.

मूळचे हे माळीवाडी नावाचे खेडे. 1740 मध्ये नारोशंकर राजेबहाद्दर यांनी तेथे भुईकोट किल्ल्याचे काम आरंभिले, ते सुमारे पंचवीस वर्षे चालले, आणि त्यासाठी सुरतेकडून व उत्तर हिंदुस्थानातून आलेले पुष्कळ कारागीर तेथेच स्थायिक झाले. 1818 मध्ये किल्ल्यावर इंग्रजांचा अंमल बसल्यानंतर हैदराबादेकडील मुसलमान कुटुंबे आली. पुढे विलायती कापडाने ज्यांचा धंदा बुडविला, 1857 च्या धामधुमीने ज्यांना देशोधडीस लाविले आणि 1862 च्या सुमाराच्या दुष्काळाने ज्यांच्या तोंडचा घास काढून घेतला, ते बनारसकडील मोमीन विणकर मुंबई-आग्रा रस्त्याच्या या कसब्यात येऊन विसावले.

हुन्नर पूर्वेकडचा, पण त्यांनी विणली ती या मुलखातील बायकांची रंगीत लुगडी. सूत पुरविणारे आणि कापड उचलणारे बहुतेक मारवाडी-गुजराती पेढीवाले. त्यामुळे धर्म, भाषा व पंगत वेगळी असलेली माणसे हिशेबाच्या वहीत रोज एकत्र येत राहिली. 1935 च्या सुमारास वीज आल्यावर हातमागांची जागा यंत्रमागांनी घेतली. इस्लामपुऱ्याच्या गल्लीत आजही पुढच्या खोलीत माग खडखडतात, मागच्या दारी घरची बाई कांड्या भरते, आणि कामगाराच्या भुवयांवर कापसाचा पांढरा कीस बसलेला असतो. घरात उर्दू बोलणारा तोच माणूस खेड्यातल्या गिऱ्हाइकाशी मराठीत सौदा करतो. साप्ताहिक सुटी मात्र शुक्रवारची.

मोसमेने शहर दुभागले आहे, पूर्वेस बहुतांशी मुसलमान आणि पश्चिमेस हिंदू वस्ती आहे, हे लपविण्यात हशील नाही. तथापि 8 सप्टेंबर 2006 रोजी, शब-ए-बारातच्या दिवशी, बडा कब्रस्तानापाशी स्फोट होऊन माणसे मेली, तेव्हा या दुभागलेल्या शहराने जो संयम राखला, त्याची नोंद त्या विशेषणाइतक्याच ठळकपणे व्हावयास हवी होती.

आज खरी चिंता पोटाची आहे. येथले कोरे कापड रंगणीसाठी पाली-बालोतऱ्याकडे जाते आणि नफ्याचा मोठा वाटा तिकडेच राहतो. ती रंगणी, मोसमेचे पाणी न नासविता, मालेगावातच व्हावी एवढी तजवीज सरकारने केली पाहिजे.