थरारकथेत न मावणारा ज्वालामुखी

लोणारचे सरोवर पाहणाऱ्याला ते ज्वालामुखीचे तोंड वाटले तर त्यात त्याची चूक नाही. जवळपास १.८ किलोमीटर व्यासाचा गोल खड्डा, भोवती उभे कडे आणि तळाला खारे पाणी. सिनेमातला ज्वालामुखी दिसतो तो असाच. सी. जे. ई. अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने १८२३ मध्ये या जागेची नोंद केली, आणि त्यानंतर दीर्घकाळ बहुतेक जाणकारही हा खड्डा ज्वालामुखीचाच मानत राहिले. १९७० च्या दशकात तिथल्या खडकात मॅस्केलिनाइट ही फक्त प्रचंड आघातानेच तयार होणारी काच सापडली आणि खड्डा अशनीच्या आदळण्याने पडल्याचे नक्की झाले. खरी मौज मात्र यापुढे आहे. अशनी ज्या खडकावर आदळला तो खडक ज्वालामुखीचाच आहे, आणि तो काही एकट्या लोणारच्या वाट्याला आलेला नाही. बुलढाणा, अकोला, अमरावती या सगळ्या मुलखात गाळ आणि माती खरवडत खाली गेले, की बहुतेक ठिकाणी शेवटी तोच काळा पाषाण लागतो. जिथे डोळ्यांना ज्वालामुखी दिसतो तिथे वऱ्हाडात ज्वालामुखी नव्हता, आणि जिथे कपाशी-तुरीचे सपाट वावर दिसते तिथे त्याचा रस थरावर थर साचला होता.

ही फसगत नुसत्या डोळ्यांची नाही. ज्वालामुखीच्या गोष्टी आपण ज्या साच्यात वाचतो आणि पाहतो, त्या साच्याचीही आहे. ज्वालामुखीवरची थरारकथा म्हटली की एक शंकूसारखा डोंगर हवा, त्याच्या पायथ्याशी बेसावध गाव हवे, धोका ओळखणारा एखादा अभ्यासक हवा, त्याचे न ऐकणारा अधिकारी हवा आणि पानापानावर टिकटिकणारे घड्याळ हवे. १९९७ या एकाच वर्षी हॉलिवूडने ‘दान्तेज पीक’ आणि ‘व्होल्कॅनो’ असे दोन सिनेमे याच मसाल्यावर काढले. मराठी वाचकाला वेगवान कथेचे वावडे आहे असेही नाही. बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजारने पिढ्यान्‌पिढ्या लोकांना जागे ठेवले. वेगाशी भांडण नाही. म्हणणे एवढेच की थरारकथेचा वेग ज्वालामुखीच्या शेवटच्या तासाला शोभतो, आणि माणसे कशाने मरतात, कशाने वाचू शकली असती, हे बहुतेक वेळा त्या तासाच्या बाहेर घडलेले असते. याचा सर्वांत मोठा पुरावा वऱ्हाडच्या पायाखाली आहे.

परतवाड्याहून चिखलदऱ्याकडे चढताना गाविलगडच्या रांगेतले कडे पाहावेत. डोंगर एकसंध दिसत नाही, आडव्या पट्ट्यांचा दिसतो. कठीण थर उभ्या कड्यासारखा, त्यावरचा ठिसूळ थर उताराचा, पुन्हा कडा, पुन्हा उतार. एकेक कडा म्हणजे लाव्ह्याचा एकेक लोट. जवळ जाऊन दगड हातात घेतला तर थराच्या वरच्या भागात बारीक बारीक पोकळ्या दिसतात. रस थिजताना वायू निसटले त्यांच्या या खुणा. पुढे पाण्याने आणलेल्या खनिजांनी त्या भरल्या, म्हणून काळ्या दगडात पांढरे ठिपके उमटले आणि मोठ्या पोकळ्यांतून गारगोट्या निघू लागल्या. काही ठिकाणी दोन थरांच्या मध्ये विटकरी लाल मातीचा पट्टा असतो. तो महत्त्वाचा, कारण माती एका दिवसात होत नाही. खालचा लोट थंड झाला, ऊन-पावसाने कुजला, त्याची माती झाली, आणि मग कधीतरी वरून दुसरा लोट आला. त्या लाल पट्ट्यात उद्रेक नाही, उद्रेकांमधली उसंत आहे, आणि ती शेकडो-हजारो वर्षांची असू शकते. थरारकथेच्या संपादकाने हा भाग सर्वांत आधी कापला असता.

आता आकडे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी वाहिलेल्या या लाव्ह्याने आजही जवळजवळ ५ लाख चौरस किलोमीटर भूभाग व्यापला आहे, आणि झिजून जाण्यापूर्वी तो याच्या कितीतरी पट असावा. पश्चिमेकडे सह्याद्रीत त्याची जाडी दोन किलोमीटरच्या आसपास भरते. एवढे सगळे एका डोंगराच्या तोंडातून आले नाही. जमीन लांबच लांब भेगांनी फाटली आणि रस पातळ असल्यामुळे उसळून डोंगर न रचता पसरत गेला. वरचा पापुद्रा थंड होऊन दुधावरच्या सायीसारखा धरायचा, आत गरम रस वाहता राहायचा आणि सायीला खालून फुगवत पुढे सरकायचा. अशा झाकलेल्या वाटांनी लाव्हा फार न निवता लांब जातो. आंध्रात गोदावरीकाठी राजमहेंद्रीला आढळणारे लाव्ह्याचे थर दख्खनमधूनच हजार किलोमीटरवर पोहोचले असावेत, असे भूशास्त्रज्ञ मानतात. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कालमापनानुसार मुख्य उद्रेक साधारण साडेसात लाख वर्षे चालले. २०१९ मध्ये एकाच नियतकालिकात दोन गटांचे निष्कर्ष शेजारी शेजारी छापून आले. एकाच्या मते डायनासोर नष्ट होण्याच्या काही दशसहस्र वर्षे आधी लाव्ह्याचा मोठा लोंढा आला, तर दुसऱ्याच्या मते बहुतांश लाव्हा त्या घटनेनंतरचा. वाद चालू आहे, पण ‘एका दिवसात’ असे दोघांपैकी कोणीही म्हणत नाही.

भेगेतून वाहणारा लाव्हा माणसाला कसा मारतो, हे आपल्या काळाच्या जवळ एकदाच नीट नोंदले गेले. आइसलँडमध्ये लाकी येथे १७८३ च्या जूनमध्ये सुमारे २७ किलोमीटर लांबीची भेग फाटली आणि आठ महिने उकळत राहिली. बाहेर पडलेला लाव्हा साधारण १५ घनकिलोमीटर. दख्खनच्या एकेका मोठ्या लोटापुढे हे काहीच नाही. तिथे हिशेब शेकडो, हजारो घनकिलोमीटरचा असतो. लाकीचा लाव्हा माणसाला चालून मागे टाकता येईल अशा बेताने पसरला. घात केला तो त्यासोबत आलेल्या वायूंनी. सुमारे १२ कोटी टन सल्फर डायऑक्साइड हवेत गेला, गवतावर फ्लोरिन बसले, ते खाऊन मेंढ्या-गुरे मेली, आणि त्यानंतरच्या उपासमारीत आइसलँडची पाचव्या हिश्शाच्या आसपास माणसे गेली. युरोपभर कोरडे, जळजळीत धुके पसरले. आफ्रिकेतला मोसमी पाऊस कमी पडून नाईलचे पाणी घटल्याचा संबंधही संशोधकांनी या उद्रेकाशी जोडला आहे. म्हणजे भेग फाटली उत्तर ध्रुववृत्ताजवळ आणि पिके वाळली इजिप्तमध्ये. मृगाच्या पावसावर वर्षाचे गणित मांडणाऱ्या वऱ्हाडी शेतकऱ्याला यातली भीती समजावून सांगावी लागणार नाही. थरारकथेच्या लेखकाला मात्र ती समजावून सांगावी लागते, कारण यात पाठलाग नाही आणि पळून जायला जागाही नाही.

यावर पहिला आक्षेप डायनासोरांच्या बाजूने येतो, आणि तो जड आहे. मेक्सिकोतल्या चिक्सुलुब येथे मोठा अशनी आदळला, १९८० मध्ये आल्व्हारेझ पितापुत्रांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलेल्या इरिडियमच्या पुराव्याने या शोधाला तोंड फुटले, आणि आज बहुसंख्य संशोधक त्या आघातालाच मुख्य कारण धरतात. म्हणजे जगबुडी खरोखरच एका दिवसात झाली, थरारकथेचाच साचा बरोबर निघाला आणि दख्खन साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहिला, असे कोणी म्हणू शकेल. आघात निर्णायक ठरला असेल, हे मान्य करायला काहीच हरकत नाही. पण आदळण्याच्या क्षणी जे मेले ते अमेरिकेच्या आसपासचे. जगाच्या दुसऱ्या टोकाचे प्राणी गेले ते पुढच्या काळोखाने, गारठ्याने आणि अन्नाच्या साखळ्या तुटल्याने. तोही कारभार महिन्यांचा आणि वर्षांचा. अमरावती जिल्ह्याच्या आणि मध्य प्रदेशाच्या सीमेवरची सालबर्डी लोकांना महाशिवरात्रीच्या यात्रेमुळे माहीत आहे. तिथे लाव्ह्याच्या थरांखालच्या लामेटा खडकांत डायनासोरच्या अंड्यांची घरटी सापडली आहेत. इथे डायनासोर होते, अंडी घालत होते, आणि त्यांच्या या मुलखावर नंतर लाव्हा पसरला. त्यांचा शेवट नेमका कशाने झाला याचे श्रेय कोणाला द्यायचे ते शास्त्रज्ञ ठरवोत. पण तो उद्रेकाच्या एका गडगडाटात झाला नाही.

दुसरा आक्षेप अधिक व्यवहारी आहे. दख्खनसारखे उद्रेक माणसाने पाहिलेले नाहीत. पाहिले ते व्हेसुव्हियस आणि क्राकाटोआ, आणि तिथे मरण वेगानेच आले. खरे आहे. व्हेसुव्हियसच्या पायथ्याशी हर्क्युलेनियमच्या किनाऱ्यावर बोटींच्या कोठारांत आसरा घेतलेली सुमारे तीनशे माणसे तापलेल्या राखेच्या लोटात काही क्षणांत संपली. १८८३ च्या ऑगस्टमध्ये क्राकाटोआ फुटला तेव्हा ३६ हजारांवर माणसे मेली, आणि त्यातली बहुतेक समुद्राच्या लाटांनी ओढून नेली. पण कोलंबियातले आर्मेरो आठवा. १३ नोव्हेंबर १९८५ च्या रात्री नऊच्या सुमारास नेवादो देल रुइझचा उद्रेक झाला, शिखरावरचे बर्फ वितळले आणि चिखलाचा लोंढा नदीच्या पात्रातून निघाला. तो गावात पोहोचला साडेअकराच्या सुमारास. मधल्या दोन-अडीच तासांत उंचवट्यावर जाता आले असते. त्याआधीच्या महिन्यात धोक्याचा नकाशाही तयार झाला होता आणि त्यात आर्मेरो दाखवलेले होते. सुमारे २३ हजार माणसे गेली. उलट फिलिपिन्समध्ये १९९१ च्या जूनमध्ये पिनाटुबोचा त्याहून कितीतरी मोठा उद्रेक झाला, पण आधीचे काही आठवडे मोजमापे घेऊन, लोकांना समजावून हजारोंना हलवले गेले होते. जे शेकडो दगावले त्यांच्यातले पुष्कळ जण पावसाने भिजून जड झालेल्या राखेखाली छप्पर कोसळून गेले. दोन्हीकडे निकाल लागला तो स्फोटाच्या आधी, कचेऱ्यांत, बैठकांत आणि गावकऱ्यांच्या विश्वासावर. थरारकथेत हीच पाने वाचक उलटून टाकतो, कारण लेखकाने ती कंटाळवाणी लिहिलेली असतात.

मग तिसरा आक्षेप उरतो: कादंबरी म्हणजे पाठ्यपुस्तक नव्हे, तिने रंगवावे आणि सोडून द्यावे. याला उत्तर द्यायला एक कादंबरीच पुरे आहे. रॉबर्ट हॅरिसची ‘पॉम्पेई’ ही २००३ ची कादंबरी अत्यंत वेगवान आहे आणि तिचे कथानक उद्रेकाच्या दोनच दिवस आधी सुरू होते. पण तिचा नायक शिपाई नाही की वीर नाही. तो अटिलियस, रोमन जलवाहिनीचा अभियंता. त्याला संकट कळते ते डोंगराकडे बघून नव्हे. पाण्याला गंधकाचा वास येतो, धनिकाच्या तळ्यातले मासे मरतात आणि वाहिनीचे पाणी तुटते म्हणून तो शोधायला निघतो. कुठल्या गावाचे पाणी आधी गेले आणि कुठल्याचे नंतर, यावरून तो बिघाडाची जागा काढतो. थरार आहे, आणि तो कारणांच्या साखळीतून आलेला आहे. ही कादंबरी टिकते ती त्यामुळे. शेवटच्या आगडोंबामुळे नाही, तो काय कोणीही रंगवतो. वेग आणि सत्य यांचे जमत नाही असा माझा दावा नाही. बहुतेक लेखक वेग चुकीच्या जागी खर्च करतात, एवढाच आहे.

वऱ्हाडात या जातीच्या लेखनाला लागणारे सामान भरपूर आहे. सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वी सुमात्रातील टोबा ज्वालामुखीचा महाभयंकर स्फोट झाला. त्याची राख बंगालचा उपसागर ओलांडून जुन्नर तालुक्यात बोरीजवळ कुकडीच्या काठी पडली, आणि पूर्णेच्या गाळातही ज्वालामुखीच्या राखेचा थर आढळला आहे. अभ्यासक तोही टोबाचाच मानतात. तेव्हा भारतात दगडी हत्यारे घडवणारी माणसे वावरत होती. सूर्य मंदावलेला, गवतावर राख, पाण्यावर राख, आणि हे कुठून आले हे कळायला कोणताच मार्ग नाही, अशी पात्रे कोणत्या लेखकाला नकोत? आणि दख्खनच्या उद्रेकाची दुसरी बाजूही याच मातीत आहे. त्या पाषाणाची झीज होऊन काळी जमीन झाली. ती ओल धरून ठेवते, उन्हाळ्यात हातभर भेगा पाडते आणि कपाशीला मानवते. १८६० च्या दशकात अमेरिकेतल्या यादवी युद्धाने तिथला कापूस अडला, तेव्हा इंग्लंडच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडावर पडली, रेल्वे आली, अकोला-अमरावतीच्या बाजारपेठा वाढल्या. तोच पाषाण उलट बाजूने मारतोही. कठीण थरात पाणी फटींमध्ये आणि कुजलेल्या पट्ट्यांतच साठते, म्हणून वरूड-मोर्शीच्या संत्र्याच्या बागांना बोअर खोल खोल न्यावे लागतात आणि तरीही पाण्याची हमी नसते.

भारतात आज धुमसणारा ज्वालामुखी एकच, अंदमानातले बॅरन बेट. वऱ्हाडात उद्या लाव्हा उसळेल अशी भीती कोणी घालत असेल तर ती बिनदिक्कत हसण्यावारी न्यावी. पण ज्या मराठी लेखकाला ज्वालामुखीवर थरारकथा लिहायची असेल त्याने परदेशातला डोंगर उसना आणू नये. चिखलदऱ्याच्या घाटातला तो लाल पट्टा पाहावा, पूर्णेकाठच्या राखेबद्दल अमरावती विद्यापीठातल्या भूशास्त्राच्या अभ्यासकांना विचारावे, आणि स्फोट शेवटच्या प्रकरणापर्यंत राखून न ठेवता पहिल्याच पानावर उरकून टाकावा. खरी गोष्ट त्यानंतरच्या पावसाळ्यात सुरू होते.