गावठी कोंबडीची सुधारणा : निवड, संकर आणि लहान शेतकऱ्याचे उत्पन्न

२०१९ च्या पशुगणनेनुसार भारतातील सुमारे ८५ कोटी कुक्कुटपक्ष्यांपैकी ३१ कोटी ७० लाख पक्षी परसात पाळले जात होते. या पक्ष्यांच्या सुधारणेचा विचार करताना दर कोंबडीमागे वर्षाला मिळणारी अंडी हेच बहुधा माप म्हणून घेतले जाते. या मापाने गावठी कोंबडी अगदीच कनिष्ठ ठरते. ती वर्षाकाठी ५० ते ६० अंडी देते, तर व्यापारी पैदाशीतील व्हाइट लेगहॉर्न वंशाची कोंबडी ३०० च्या आसपास देते. तथापि या दोन आकड्यांची तुलना करण्यापूर्वी पहिला आकडा कसा बनतो, हे पाहणे अवश्य आहे.

गावठी कोंबडी एका खेपेस साधारणपणे १२ ते १५ अंडी घालते, नंतर खुडूक होऊन २१ दिवस अंड्यांवर बसते आणि पुढे सुमारे दोन महिने पिलांना घेऊन हिंडते. अंडी घालण्यास तीन आठवडे धरल्यास हे चक्र पुरे होण्यास सुमारे १०० दिवस लागतात. म्हणजेच वर्षात साडेतीन चक्रे आणि ५० च्या आसपास अंडी. चक्राचा केवळ एक-पंचमांश काळ ती अंडी घालते; उरलेल्या काळात ती उबवणीयंत्राचे, पिलांना ऊब देणाऱ्या पेटीचे आणि राखणदाराचे काम करीत असते. अंड्यांच्या मोजणीत या कामाची किंमत धरली जात नाही.

खुडूकपणा हा प्रोलॅक्टिन या हॉर्मोनाशी निगडित असून तो आनुवंशिक आहे. व्यापारी वंशांतून निवडीने तो जवळजवळ नाहीसा करण्यात आला. ज्याच्यापाशी उबवणीयंत्र आहे त्याला यात निव्वळ लाभ आहे. परंतु चार-पाच कोंबड्या पाळणाऱ्या कुटुंबात कोंबडी खुडूक बसली नाही, तर पुढची पिढीच थांबते. अंडी वाढतात, पण पिलू मात्र विकत आणावे लागते.

सुधारणेचे दोन मुख्य मार्ग आहेत. पहिला, स्थानिक जातीतच निवड करणे. इथिओपियात होरो या देशी जातीवर २००८ पासून अंडी व वजन यांसाठी अशी निवड करण्यात आली. या मार्गाने मिळालेला लाभ पिढ्यानुपिढ्या टिकतो आणि बीज शेतकऱ्याच्या हाती राहते. मात्र त्यासाठी वंशावळीच्या नोंदी आणि अंतःप्रजनन टाळण्याइतका मोठा कळप लागतो, आणि प्रगती संथ असते.

दुसरा मार्ग संकराचा. हैदराबाद येथील कुक्कुट संशोधन संचालनालयाने विकसित केलेली वनराजा कोंबडी परसात वर्षाला सुमारे १०० ते ११०, तर ग्रामप्रिया सुमारे १६० ते १८० अंडी देते. इज्जतनगर येथील केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने असील आणि सीएआरआय रेड यांच्या संकरातून निर्भीक निर्माण केली. संकरात पहिल्या पिढीस संकरज ओजाचा लाभ मिळतो. परंतु दोन जातींच्या संकरातील पक्ष्यांचा आपसात संयोग झाल्यास दुसऱ्या पिढीत त्या ओजाचा निम्मा भाग नष्ट होतो आणि संतती एकसारखी राहत नाही. म्हणून अशी पिले प्रत्येक वेळी केंद्रातूनच घ्यावी लागतात. शिवाय पहिले चार ते सहा आठवडे त्यांना ऊब, खाद्य व लस यांची तजवीज करूनच मोकळे सोडावे लागते.

विसाव्या शतकाच्या मध्यास भारतासह अनेक देशांत गावठी नर काढून त्यांच्या जागी विदेशी नर देण्याच्या योजना राबविल्या गेल्या. पिंजऱ्यात श्रेष्ठ ठरलेला वंश परसातही श्रेष्ठ ठरेल, हे त्यांमागील गृहीत होते. वस्तुतः आनुवंशिक घडण आणि परिस्थिती यांची परस्परक्रिया होत असल्याने परिस्थिती बदलली की वंशांचा अनुक्रमही बदलू शकतो. उघड्या मानेच्या कोंबडीचे उदाहरण बोलके आहे. त्या जीनाची एक मात्रा पिसे सुमारे २० टक्क्यांनी, तर दोन मात्रा सुमारे ४० टक्क्यांनी कमी करतात. उष्ण प्रदेशात शरीरातील उष्णता बाहेर टाकण्यास हे उपकारक ठरते. थंड हवेत तोच गुण दोष बनतो.

आता उत्पन्नाकडे वळू गेल्यास हिशेब निराळाच दिसतो. समजा, एका कोंबडीने वर्षात तीन वेळा दहा-दहा पिले काढली. त्यांपैकी एक-तृतीयांश जगली, तर विक्रीस दहा पक्षी मिळतात. मानमोडी अर्थात राणीखेत रोगाची लस, रात्रीचे पक्के खुराडे आणि घार-मुंगसापासून पिलांचा बचाव एवढ्यानेच दोन-तृतीयांश जगली, तर वीस. येथे एकही जीन बदललेला नाही. उलट अधिक अंडी देणाऱ्या कोंबडीला अधिक खाद्य लागते. परसात वेचून मिळणारे दाणे, किडे व खरकटे मर्यादित असल्याने वरचे खाद्य विकत घ्यावे लागते, आणि वाढीव अंड्यांच्या किमतीतून तो खर्च वजा करावा लागतो.

यावरून संकर निरुपयोगी आहे असा निष्कर्ष निघत नाही. जेथे उबवणी केंद्र, लस आणि अंड्यांची बाजारपेठ जवळ आहे, तेथे ग्रामप्रियेसारखी कोंबडी घरातील स्त्रीच्या हाती नियमित पैसा आणून देऊ शकते. दूरच्या पाड्यावर मात्र आधी पिलांचे मरण रोखणे आणि मग स्थानिक जातीतील निवड, हाच क्रम हितावह ठरतो. दोन्ही मार्गांचे मूळ भांडवल असील, कडकनाथ यांसारख्या जातीच होत. झाबुआच्या कडकनाथाला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. पण बेबंद संकराने शुद्ध कळपच उरले नाहीत, तर उद्याच्या निवडीस आणि संकरासही आधार राहणार नाही.

म्हणून पैदास कार्यक्रमाचे मूल्यमापन प्रयोगक्षेत्रावरील अंड्यांच्या संख्येवर थांबता कामा नये. वर्षअखेरीस खुराड्यात किती पक्षी उरले, खाद्याचा खर्च जाऊन हाती काय आले आणि पुढची पिढी कोठून येणार, या तीन प्रश्नांची उत्तरे परसातच मिळवावी लागतात.