विद्युत्-गिटारचे स्वरस्थैर्य आणि खाचपट्टीवरील घर्षण

विद्युत्-गिटार वाजविणाऱ्यांची एक तक्रार जगात सर्वत्र सारखीच ऐकू येते. वाद्य काळजीपूर्वक जुळवून घेतले, एक-दोन गती वाजविल्या, मध्ये कोठे तार बाजूस खेचून मींड काढली, की तिसरी तार उतरलेली आढळते. खुंटी पिळून ती पुन्हा वर आणावी तो थोड्याच वेळात पुनश्च तोच प्रकार. अशा वेळी दोष खुंटीच्या माथी मारला जातो. ती 'घसरते' असे निदान होते, जुन्या खुंट्या काढून मोलाच्या नव्या बसविल्या जातात, आणि तार पूर्ववत् उतरतच राहते. हे निदान बहुतेक प्रसंगी चुकीचे असते. खुंटी जागची हललेली नसते. तारेतील ताण मात्र तिच्या निरनिराळ्या भागांत पूर्वीपेक्षा वेगळ्या रीतीने वाटला गेलेला असतो. ही वाटणी कशी बदलते हे पदव्युत्तर विद्यार्थ्यास परिचित असलेल्या यामिकीनेच उलगडता येते.

प्रथम वाद्याची रचना ध्यानात घ्यावी. तार एका टोकाला घोडीत अडकविलेली असते. तेथून ती पडद्यांवरून मानेच्या दुसऱ्या टोकास जाते, तेथे हाडाच्या वा प्लॅस्टिकच्या आडव्या पट्टीतील खाचेतून किंचित खाली वळते व माथ्यावरील खुंटीस गुंडाळली जाते. या आडव्या पट्टीस येथे खाचपट्टी म्हटले आहे. घोडी व खाचपट्टी यांमधील भाग तेवढाच वाजतो. फेंडर कंपनीने १९५४ साली बाजारात आणलेल्या स्ट्रॅटोकास्टर गिटारमध्ये या भागाची लांबी ६४८ मिलिमीटर आहे. खाचपट्टीच्या पलीकडील, माथ्यावरचा भाग वाजत नाही आणि म्हणूनच त्याच्याकडे कोणाचे लक्षही जात नाही. प्रस्तुत विवेचनाचा खरा नायक तोच आहे.

वाद्य इतके हळवे का, याचा अंदाज एका उदाहरणावरून येईल. तिसरी तार साधारणतः ०.४३ मिलिमीटर व्यासाची साधी पोलादी तार असते व ती सेकंदास १९६ कंपनांवर जुळविली जाते. ज्ञात सूत्राने तिच्यातील ताण सुमारे ७४ न्यूटन येतो. पोलादाचा यंग-गुणांक लक्षात घेता एवढ्या ताणाने ६४८ मिलिमीटर लांबीची तार केवळ १.६ मिलिमीटरने वाढते. तिसऱ्या तारेचा सगळा स्वर या दीड-पावणेदोन मिलिमीटरांवर उभा आहे! कंपनसंख्या ताणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलत असल्याने, अर्धस्वराच्या शंभराव्या भागास एक सेंट म्हटल्यास, ताणात एक टक्का फरक पडला की स्वर सुमारे ८.६ सेंटांनी हलतो. शिक्षित कानास ५ सेंटांच्या आसपासचा फरक जाणवू लागतो. हिशेब केला तर तिसऱ्या तारेच्या बाबतीत या ५ सेंटांसाठी तारेची लांबी मिलिमीटरच्या शंभराव्या भागाइतकी बदलली तरी पुरे होते.

तिसरीच तार अधिक बदनाम का, याचेही उत्तर येथेच मिळते. तारेच्या एकक क्षेत्रफळावरील ताण हा लांबी, कंपनसंख्या व धातूची घनता यांवरच अवलंबून असतो. जाडीचा त्यात संबंध येत नाही. त्यामुळे एकाच लांबीच्या साध्या पोलादी तारांत जिचा स्वर खालचा, तिचे ताणले जाणेही कमी. पहिली तार सेकंदास ३२९.६ कंपनांची, ती ४.६ मिलिमीटर ताणलेली असते, म्हणजे तिसरीच्या जवळजवळ तिप्पट. तेवढ्याच सरकण्याने पहिली तार तिसरीच्या एकतृतीयांशच बिघडते. खालच्या स्वरांच्या तारांवर गुंडाळी असते व ताण आतील बारीक गाभा सोसतो. तो गाभा पुष्कळ ताणलेला असल्याने त्या तुलनेने स्थिर राहतात. १९५० च्या दशकात तिसरी तारही गुंडाळीची असे. पुढे मींड सुलभ व्हावी म्हणून वादकांनी ती साधी व हलकी पसंत केली, आणि सुलभतेबरोबर हा हळवेपणाही पदरात घेतला.

आता खुंटीकडे वळू. आधुनिक खुंटीत मळसूत्री दात व दंतचक्र यांची जोडी असते. मूठ साधारणतः १४ ते १८ वेळा फिरविली तर खुंटीचा दांडा एकदा फिरतो. अशी जोडी स्वयंरोधी असते. मूठ फिरविल्यास दांडा फिरतो, परंतु तारेने दांडा ओढल्यास मूठ फिरत नाही. दातांमधील थोडी सैल जागा सोडल्यास ताणाने खुंटी उलट फिरेल ही भीती निराधार आहे. दांड्यावरील वेढ्यांची गोष्ट मात्र निराळी. एकावर एक चढलेले चार-पाच सैल वेढे हळूहळू आवळत जातात आणि तेवढी तार वाजत्या भागास मिळते. नवी तार 'ताणली जाते' असे जे म्हणतात ते मुख्यतः हेच होय. तिसऱ्या तारेतील प्रतिबल सुमारे ५०० मेगापास्कल असते आणि अशी तार तुटावयास २,००० हून अधिक लागतात. तेव्हा धातू कायमचा लांबत असेल हे संभवत नाही. वेढे कमीत कमी घेणे, किंवा तार दांड्यातच चिमटून धरणाऱ्या खुंट्या बसविणे, हा यावरील उपाय योग्यच आहे. तथापि अशा खुंट्या बसवूनही वाद्य उतरते, ही अनेकांची निराशा होते. कारण मुख्य दोष खाचेत असतो.

खाचेतून वळणाऱ्या तारेस कप्पीवरील दोराचा नियम लागू पडतो. वळणाच्या दोन बाजूंच्या ताणांचे गुणोत्तर घर्षणांक व रेडियनमधील वळणकोन यांच्या गुणाकाराच्या घातांकी फलापेक्षा अधिक होऊ शकत नाही. तेवढी मर्यादा गाठली की तार सरकते, त्याच्या आत ती अडून राहते. वळण १० अंशांचे व घर्षणांक ०.२ मानल्यास हे गुणोत्तर १.०३५ येते. अर्थात माथ्याकडील ताण वाजत्या भागातील ताणाहून साडेतीन टक्के अधिक किंवा तितकाच कमी असू शकतो, आणि तार तरीही स्वस्थ राहते. एकाच खुंटीच्या एकाच स्थितीत स्वरांचा एक पट्टाच शक्य आहे. त्यांपैकी प्रत्यक्षात कोणता वाजेल, हे तारेवर त्यापूर्वी काय घडले त्यावर ठरते. चुंबकत्वाच्या अभ्यासकांस ही पूर्वेतिहासावलंबी स्थिती ओळखीची वाटेल.

समजा, वादकाने तार खालून वर चढवीत जुळविली. खुंटी ओढते आहे, खाच अडविते आहे; तेव्हा माथ्याकडील ताण वरच्या मर्यादेवर आहे. आता त्याने मींड काढली. वाजत्या भागातील ताण वाढला, माथ्याकडून थोडी तार आत ओढली गेली व माथ्याकडील ताणही वाढला. मींड सोडताच वाजता भाग सैल पडतो, माथ्याकडील भाग तार परत ओढतो व ती वरच्या मर्यादेवरच येऊन थांबते. तारेची एकूण लांबी बदललेली नसल्याने स्वर पूर्वीच्याच जागी येतो.

याउलट, तार चढी होती म्हणून ती खुंटीने उतरवून स्वरावर आणली असेल तर माथ्याकडील ताण खालच्या मर्यादेवर असतो. पहिल्याच मींडेबरोबर तो वरच्या मर्यादेवर जातो आणि वाजत्या भागातील ताण तेवढा घटतो. माथ्याकडील भाग १०० मिलिमीटर धरल्यास ही घट ०.९३ टक्का, म्हणजे ८ सेंट भरते. तार उतरली, खुंटी हललीही नाही! तार नेहमी खालून वर चढवून जुळवावी हा वादकांचा परंपरागत नियम खुंटीतील सैल जागा भरून काढण्यासाठी म्हणून सांगितला जातो. त्याचे याहून बळकट कारण हे आहे.

परंतु हा नियम सर्वत्र हितावह नाही, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. स्ट्रॅटोकास्टरच्या घोडीस एक दांडा असतो. तो दाबला की घोडी पुढे झुकते, सर्व तारा सैल होतात, आणि सोडला की मागील स्प्रिंगांच्या जोराने घोडी मूळ जागी येते. (१९५६ साली लिओ फेंडर यास मिळालेल्या पेटंटात यास 'ट्रेमोलो' म्हटले आहे. वस्तुतः ट्रेमोलो म्हणजे आवाजाच्या तीव्रतेचे आंदोलन. स्वराच्या उंचीचे ते व्हायब्रॅटो. त्याच कंपनीने आपल्या ध्वनिवर्धकांवरील तीव्रतेच्या आंदोलनास 'व्हायब्रॅटो' म्हटले, आणि गोंधळ पूर्ण झाला.) दांडा दाबल्यावर वाजत्या भागाचा ताण घटतो, तार माथ्याकडे सरकते, दांडा सोडल्यावर ती पूर्ण परत येत नाही व माथ्याकडील ताण खालच्या मर्यादेवर राहतो. खालून वर चढवून जुळविलेली तार यामुळे तितक्याच ८ सेंटांनी चढते. मींडेनंतर तार उतरते आणि दांड्यानंतर चढते, हा वादकांचा अनुभव अशा रीतीने एकाच यंत्रणेचा परिणाम ठरतो. दांडा वारंवार वापरणाऱ्याने तार जुळविताना प्रत्येक वेळी दांडा एकदा दाबून सोडावा व मगच स्वर तपासावा, हे त्याच्या दृष्टीने अधिक शास्त्रशुद्ध होय. दोन्ही क्रिया आलटून पालटून करणाऱ्यास मात्र कोणतीही जुळवण पुरी पडणार नाही; त्याचे वाद्य दोन टोकांमध्ये हेलकावे खात राहील.

या दोन टोकांमधील अंतर ताणाच्या भाषेत मांडल्यास ते घर्षणांक, वळणकोन आणि माथ्याकडील लांबीचे एकूण लांबीशी गुणोत्तर या तिहींच्या गुणाकाराच्या दुप्पट येते. घोडीवरील व पडद्यांवरील घर्षण येथे सोडून दिले आहे; तेही याच नियमाने चालते. वाद्यकारांनी गेल्या सत्तर वर्षांत योजिलेले बहुतेक उपाय म्हणजे या तीन अवयवांपैकी एखाद्यावर केलेला हल्ला होय.

घर्षणांकावरील उपाय सर्वांत जुना व स्वस्त. खाच तारेच्या जाडीस बेताची कोरणे, तिचा तळ गुळगुळीत करणे, तीत पेन्सिलीचे शिसे म्हणजे ग्रॅफाइट घासणे. किंवा खाचपट्टीच ग्रॅफाइटमिश्रित द्रव्याची वा लहान रुळांची करणे. घर्षणांक ०.२ वरून ०.१ वर आला तर वरील ८ सेंटांचे ४ होतात व दोष कानाच्या मर्यादेखाली जातो. खुंट्यांच्या मोलाच्या मानाने हा लाभ लक्षणीय म्हणावा लागेल. वळणकोनाच्या बाबतीत वाद्यांची घडणच भिन्न आहे. गिब्सनच्या १९५२ च्या लेस पॉल गिटारचा माथा मागे कललेला असून हा कल १४ ते १७ अंशांचा असतो. खुंट्या दोन्ही बाजूंस तीन-तीन असल्याने मधल्या तारा खाचेतून बाजूसही वळतात. १७ अंश धरल्यास इतर गोष्टी समान असता अंतर १४ सेंटांच्या घरात जाते. स्ट्रॅटोकास्टरचा माथा सपाट व खुंट्या एका ओळीत, म्हणून तारा सरळ जातात. मात्र पातळ तारा खाचेत दाबून राहाव्यात म्हणून माथ्यावर जी कडी बसवितात ती घर्षणाचे दुसरे ठाणे निर्माण करते.

तिसऱ्या अवयवावरील हल्ला सर्वांत मूलगामी आहे. १९७९ साली फ्लॉइड रोझ याला मिळालेल्या पेटंटात तारा खाचपट्टीतच पेचाने आवळून धरल्या जातात. घर्षण कमी करण्याऐवजी ते जणू अनंत केले! माथ्याकडील भाग हिशेबातूनच बाद झाला. दांड्याने तारा पार लोंबेपर्यंत सैल केल्या तरी त्या स्वरावर परत येतात, आणि १९८० च्या दशकात एडी व्हॅन हेलनसारख्या वादकांनी याचा भरपूर लाभ घेतला. पेच आवळताना स्वर थोडा हलतो व नंतर खुंटी निरुपयोगी ठरते, म्हणून पुढे घोडीवर सूक्ष्म जुळवणीचे स्क्रू आले. आपल्या तंबोऱ्याच्या घोडीमागील मणी हेच काम फार पूर्वीपासून करीत आला आहे. नेड स्टाइनबर्गर याने १९८० च्या सुमारास माथाच नसलेली बास-गिटार पुढे आणून तोच परिणाम निराळ्या वाटेने साधला. घर्षण शून्याजवळ असो की अनंत असो, वाद्य स्थिर राहते. उपद्रव होतो तो अर्धवट घर्षणाचा.

मात्र तार आवळून धरल्याने उष्णता आवळली जात नाही. रंगमंचावरील दिव्यांनी वा हाताच्या उबेने तार लाकडाच्या आधी तापते. पोलादाच्या प्रसरणाचा विचार करता एका सेल्सिअस अंशास तिसरी तार सुमारे ४ सेंट उतरते, तर पहिली दीड सेंटच. म्हणजे तारा उतरतात त्याही एकमेकींशी फटकून. शिवाय तरंगत्या घोडीवर सर्व तारांचा एकत्रित ताण स्प्रिंगांशी तोललेला असल्याने एक तार तुटली की उरलेल्या पाच चढतात, आणि एकीवर मींड काढताना इतर उतरतात. गिब्सनने २००७ साली विद्युत्-चलित्राने स्वतः जुळणारी गिटार आणली व २०१५ मध्ये तशी यंत्रणा आपल्या बहुतेक गिटारांवर बसविली. वादकांनी तिचे फारसे स्वागत केले नाही. तिने फक्त खुंटी फिरविण्याचे श्रम वाचविले, खाच होती तशीच राहिली. एव्हरट्यून नावाच्या घोडीत प्रत्येक तारेस तरफ व स्प्रिंग यांच्या योगे स्थिर ताण दिला जातो. लांबीत बदल झाला तरी ताण बदलत नाही. उष्णतेवरही तोड असलेला हा उपाय तात्त्विक दृष्ट्या सर्वांत समाधानकारक आहे, परंतु ताण खरोखरच अचल केला तर मींडही निघेनाशी होते, आणि वादकास स्क्रू फिरवून ती घोडी मुद्दाम तिच्या मर्यादेवर आणून ठेवावी लागते.

वरील विवेचनाचा पडताळा घेण्यास मोठी सामग्री लागत नाही. एक गिटार व सेंटापर्यंत वाचणारा कंपनमापक पुरेसा आहे. तिसरी तार एकदा खालून वर व एकदा वरून खाली आणून जुळवावी, दोन्ही वेळा एका स्वराची मींड काढून सोडावी आणि वाचने टिपावीत. मग खाचेत ग्रॅफाइट घालून हाच क्रम पुन्हा करावा. दुसऱ्या वाचनमालेतील फरक पहिल्याच्या कितवा हिस्सा भरतो, यावरून दोन्ही स्थितींतील घर्षणांकांचे गुणोत्तर थेट मिळेल. माथ्याकडील लांबी प्रत्येक तारेस निराळी असल्याने सहाही तारांवर हा प्रयोग केल्यास लांबीच्या गुणोत्तराचा नियमही त्याच वेळी तपासता येईल.