मटण, फ्रीजर आणि शिअर टेस्ट

सुरुवातीलाच एक कबुली देते. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. त्यामुळे मराठी विभागाच्या संपादिकेने (म्हणजे आमच्याच बेंचवरच्या मैत्रिणीने) "लेख दे" म्हणून पकडलं, तेव्हा मी अट घातली की ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका तिच्या, बाकीच्या माझ्या. दुसरी सूचना म्हणजे लेख मटणावर आहे. शाकाहारी मंडळींनी पान उलटलं तर राग नाही. पण ह्यात एस.ओ.एम. येतं, रेफ्रिजरेशन येतं, अगदी इलेक्ट्रिकलवाल्यांचं व्होल्टेजसुद्धा येतं. तेव्हा थांबलात तर बरं!

झालं असं की मागच्या मे महिन्यात सबमिशन, ओरल वगैरे उरकून मी गावी गेले. गाव साताऱ्याजवळ. नात आली म्हणून आजोबा सकाळी सहालाच मटण आणायला गेले. त्यांचे मटणवाले चाचा ठरलेले, चाळीस वर्षांचा व्यवहार. साडेसहाला पिशवी घरी आली तेव्हा मटण अजून कोमट होतं. पाहुणे संध्याकाळी येणार होते, पण आजी लगेच चुलीवर ठेवायला निघाली. मी तिला अडवलं. "काय हे आजी! संध्याकाळपर्यंत बॅक्टेरिया किती वाढतील माहीत आहे का?" असं एक छोटं लेक्चर दिलं, मटण पसरट डब्यात घातलं आणि थेट फ्रीजरमध्ये ठेवून दिलं. नवा फ्रीज, थंडगार फ्रीजर. मला फार शहाणं वाटलं.

दुपारी डबा काढला, बर्फ वितळवला, खाली लाल पाणी बरंच साठलं होतं. कुकरच्या पाच शिट्ट्या झाल्या, मग आणखी पाच झाल्या. रस्सा उत्तम झाला, फोडी मात्र रबरासारख्या. आजोबांना कवळी आहे. त्यांनी दोन फोडी चघळून बघितल्या, ताटाच्या कडेला सारल्या आणि रश्शात भाकरी कुस्करून जेवले. काही बोलले नाहीत. मीच म्हणाले, "चाचांनी म्हातारं बोकड दिलं तुम्हाला." आणि दुसऱ्या दिवशी, माझ्या सांगण्यावरून, आजोबांनी चाचांकडे चाळीस वर्षांतली पहिली तक्रार केली.

चाचांनी मला बोलावून विचारलं, "बाळ, मटण कुठं ठेवलं होतं?" मी सांगितलं. ते म्हणाले, "बोकड कोवळं होतं. गरम मटण थंडीत टाकलं की आखडतं." मला वाटलं, आपला माल खराब होता हे झाकायला काहीतरी सांगतायत. मी हसून विषय सोडला.

कॉलेजला परत आल्यावर लायब्ररीत फूड टेक्नॉलॉजीचं एक पुस्तक हाती लागलं आणि मी गारच पडले. चाचांचा 'आखडतं' हा शब्द शास्त्रीय दृष्ट्या शंभर टक्के बरोबर होता. इंग्रजीत त्याला 'कोल्ड शॉर्टनिंग' म्हणतात.

आता थोडं शास्त्र. स्नायूच्या तंतूत दोन प्रकारचे बारीक धागे असतात, ॲक्टिन आणि मायोसिन. टेलिस्कोपच्या नळ्या एकमेकींत सरकाव्यात तसे ते एकमेकांत सरकतात, मग स्नायू आकसतो. सरकायचा हुकूम देतं कॅल्शियम, आणि ताकद पुरवतो एटीपी नावाचा रेणू. गंमत म्हणजे आकसल्यावर पुन्हा सुटायलाही एटीपीच लागतो. जनावर कापलं की रक्ताभिसरण थांबतं, ऑक्सिजन बंद होतो, पण स्नायू त्याच क्षणी 'मरत' नाही. साठवलेलं ग्लायकोजेन वापरून तो काही तास एटीपी बनवत राहतो. त्यातून लॅक्टिक आम्ल तयार होतं आणि पीएच साधारण ७ वरून ५.५ पर्यंत उतरतो. शेवटी एटीपी संपला की धागे जिथे असतील तिथे अडकून बसतात. ह्यालाच रिगर मॉर्टिस म्हणतात (डिटेक्टिव्ह कथांमध्ये वाचलेलं असेलच).

म्हणजे मटण मऊ की चिवट हे ठरतं त्यातली एक मोठी गोष्ट अशी : धागे अडकले तेव्हा स्नायू लांब होता की आखडलेला? आखडलेला असेल तर तेवढ्याच लांबीत जास्त धागे दाटीवाटीने बसतात आणि दातांना सगळेच तोडावे लागतात.

हे ज्यांनी शोधलं त्यांचा किस्सा थेट इंजिनिअरिंगचा आहे. न्यूझीलंडचं अर्थकारण मेंढीच्या मांसावर उभं राहिलं. १८८२ साली 'डनेडिन' नावाचं शिडाचं जहाज सुमारे ५,००० गोठवलेली धडं घेऊन पोर्ट चाल्मर्सहून निघालं आणि ९८ दिवसांनी लंडनला पोचलं. पुढे फ्रीजर सुधारत गेले. पूर्वी धडं थंड व्हायला बराच वेळ टांगून ठेवत, आता ती कापल्यावर थोड्याच वेळात गोठवता येऊ लागली. स्वच्छतेच्या दृष्टीनेही हे उत्तमच. पण परदेशातून तक्रारी यायला लागल्या की लॅम्ब चिवट आहे! यंत्र सुधारलं आणि माल बिघडला.

तिथल्या मांस उद्योग संशोधन संस्थेतल्या लॉकर आणि हॅगयार्ड ह्यांनी १९६३ साली ह्यावर निबंध प्रसिद्ध केला. त्यांनी बैलाच्या मानेचे ताजे स्नायू वेगवेगळ्या तापमानांना ठेवले आणि किती आखडतात ते मोजलं. १४ ते १९ अंश सेल्सिअसला स्नायू सर्वात कमी, म्हणजे साधारण दहा टक्केच आखडला. २ अंशांना मात्र तो जवळजवळ निम्मा झाला! कारण थंडीत स्नायूच्या आतला कॅल्शियमचा पंप नीट चालत नाही. कॅल्शियम बाहेर सांडतं, एटीपी अजून शिल्लक असतो, आणि मेलेला स्नायू जोरात आकसतो.

मी तर त्याहून मोठा पराक्रम केला होता. ताजं मटण आकसायच्या आधीच गोठवलं, तर बर्फाचे स्फटिक कॅल्शियमच्या पिशव्या फोडतात. मग बर्फ वितळला की सगळं कॅल्शियम एकदम सुटतं, स्नायू प्रचंड आखडतो आणि आतलं पाणी बाहेर फेकतो. ह्याला 'थॉ रिगर' म्हणतात. डब्यातलं ते लाल पाणी आठवतंय ना? बोकडाच्या वयाचा इथे काही संबंध नव्हता.

"पण चिवटपणा मोजणार कसा?" हा प्रश्न तुम्हाला पडला असेल (पडायलाच हवा, आपण इंजिनिअर आहोत). त्यासाठी वॉर्नर-ब्रॅट्झलर टेस्ट आहे. वॉर्नर ह्यांनी १९२० च्या दशकात कल्पना मांडली आणि कॅन्ससच्या ब्रॅट्झलर ह्यांनी पुढच्या दशकाच्या सुरुवातीला ती सुधारली. स्टेक आतून ७१ अंश होईपर्यंत शिजवायचा, थंड करायचा, मग तंतूंच्या दिशेने १.२७ सेंटिमीटर व्यासाचे गोल तुकडे काढायचे. सुमारे एक मिलिमीटर जाडीच्या पात्याला ६० अंशांची व्ही आकाराची खाच असते. तुकडा त्या खाचेत ठेवायचा आणि पातं दोन पट्ट्यांमधल्या फटीतून ओढायचं. म्हणजे आपल्या भाषेत डबल शिअर! आपल्या लॅबमधल्या यू.टी.एम.सारख्या मशीनवरच ही टेस्ट करतात, फक्त लोड सेल लहान. अमेरिकेत २०११ पासून जे मानक आहे त्यात 'टेंडर' म्हणवून घ्यायला ४.४ किलोपेक्षा जास्त बल लागता कामा नये. मी हिशोब केला. दोन्ही पृष्ठांचं क्षेत्रफळ मिळून साधारण २.५३ चौरस सेंटिमीटर, म्हणजे शिअर स्ट्रेस सुमारे ०.१७ मेगापास्कल. आजोबांच्या कवळीसाठी ही डिझाइन लिमिट समजायला हरकत नाही.

मग न्यूझीलंडने काय केलं? पुन्हा हळूहळू थंड करायचं म्हटलं तर जंतूंची भीती आणि कारखान्याचा वेळ. एक ढोबळ नियम निघाला की पहिल्या दहा तासांत मांस दहा अंशांच्या खाली नेऊ नये. पण दुसरा उपाय जास्त भारी आहे : वीज! धडातून हजाराहून जास्त व्होल्टचे झटके साधारण दीड मिनिट द्यायचे. स्नायू भराभर आकसतात-सुटतात आणि त्यांचा एटीपी लवकर संपतो. एटीपीच नाही म्हटल्यावर थंडीत आखडायला ताकद कुठून येणार? मग खुशाल गोठवा. १९७० च्या दशकात तिथे हे तंत्र वापरात आलं. कल्पना मात्र जुनी आहे. बेंजामिन फ्रँकलिन विजेने टर्की मारून बघत असे आणि तिचं मांस मऊ लागतं असं त्याने नोंदवलंय. १७५० च्या डिसेंबरमध्ये टर्कीऐवजी त्यालाच शॉक बसला, ती गोष्ट वेगळी.

ह्याशिवाय दोन कारणं राहतात. एक म्हणजे कोलॅजन. हे स्नायूंभोवतीचं वेष्टण, जनावराच्या वयाबरोबर घट्ट होत जातं. मंद आचेवर, पाण्यात, बराच वेळ शिजवलं की ते जिलेटिन होतं, म्हणून आजीची चूल माझ्या शिट्ट्यांपेक्षा सरस. दुसरं म्हणजे मांसातलीच कॅल्पेन नावाची एन्झाइम्स. मांस काही दिवस थंड जागी मुरवलं तर ती तंतूंचे सांधे सैल करतात. आपल्याकडे इतके दिवस कोण थांबणार! आपण कच्च्या पपईचा कीस लावतो. त्यातलं पपेन हेच काम तासाभरात करतं.

तर आमच्या घरापुरता निष्कर्ष असा की सकाळचं ताजं मटण आकसायच्या आत शिजवावं, आणि ठेवायचंच असेल तर आधी शिजवून मग फ्रीजमध्ये ठेवावं. बॅक्टेरियाबद्दल मी चुकले नव्हते. पण आजी जे करत होती त्यात बॅक्टेरिया आणि चिवटपणा, दोन्हींचं उत्तर होतं. मी एकच नियम पाठ केला होता आणि तो का, हे विचारलंच नव्हतं. व्हायवात आपलं नेमकं हेच होतं, नाही का?

गणपतीच्या आधी चार दिवस घरी गेले तेव्हा पहिल्यांदा चाचांकडे गेले. "चाचा, तुमचंच बरोबर होतं, मटण मीच बिघडवलं," असं आजोबांच्या समोर सांगितलं. न्यूझीलंडचा किस्साही सांगितला. चाचांनी तो सुरा पुसता पुसता ऐकून घेतला, म्हणाले, "म्हणजे तिकडंबी आखडतं म्हणायचं," आणि पिशवीत एक नळी जास्तीची टाकली.

आजीने मटण घरी आल्या आल्या चुलीवर चढवलं. त्या दिवशी आजोबांच्या ताटाच्या कडेला फक्त हाडं होती.